घाट, पाऊस आणि बघणारे

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. पावसाळा सरत आला की, बहुधा सप्टेंबरात, ती होते. गावातून निघायचं, समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं थोडं पुढं जायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. अंतर २१.०९७५ किलोमीटर. घाटात कधी नुसतं धुकं असतं, कधी सर येते आणि डोंगराच्या अंगाला असलेल्या गटारातलं पाणी रस्त्यावरून आडवं वाहायला लागतं. या पाण्यातून आता शेकडो बायका पळतात. बँकेतल्या, दवाखान्यातल्या, शेतावरच्या, निवृत्त झालेल्या. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, आणि त्यांच्यातच पळते.

मला या शर्यतीच्या मागचा इतिहास सांगायचा आहे, कारण माझ्या विद्यार्थिनींना तो कुणी सांगत नाही. त्यांना वाटतं, बायका पूर्वी पळत नव्हत्या आणि आता पळायला लागल्या. खरं तर बायका पळतच होत्या. अडवत होते ते बघणारे.

१८९६ साली अथेन्सला पहिलं ऑलिंपिक झालं, त्यात बायकांना प्रवेश नव्हता. स्तामाता रेविथी नावाची एक गरीब ग्रीक बाई मॅरेथॉन गावी गेली. पुरुषांबरोबर पळू देईनात, म्हणून पुरुषांची शर्यत झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती एकटी तेच अंतर पळाली. शेवटची फेरी स्टेडियममध्ये होती. तिथं तिला आत सोडलं नाही.

१९२८ सालची गोष्ट याहून जास्त चीड आणणारी आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी पहिल्यांदा ८०० मीटर ठेवलं गेलं. अंतिम शर्यतीत नऊजणी होत्या. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली, जपानची किनुए हितोमी दुसरी आली. पहिल्या तिघीही तोवरच्या विश्वविक्रमापेक्षा जलद होत्या. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. रेघ ओलांडल्यावर काही जणी दमून गवतावर बसल्या, एखादी पडली, जसे पुरुषही बसतात आणि पडतात. पण वर्तमानपत्रांत छापून आलं की बायका कोसळल्या, निम्म्यांनी शर्यत सोडली. एका वार्ताहरानं तर नऊच्या अकरा केल्या. त्या बातम्यांवरून ८०० मीटर काढून टाकलं गेलं आणि ते परत आलं थेट १९६० साली, रोमला. बत्तीस वर्षं! धावणाऱ्यांच्या दोन पिढ्या एका खोट्या वर्णनापायी गेल्या.

त्या वर्णनाची सावली आमच्यापर्यंत पोचली होती. मी शिकले त्या शाळेत मुलांना क्रॉसकंट्री होती आणि मुलींना चारशे मीटर. पावसाळ्यात तर मुलींचा सराव बंदच. कारण विचारलं तर ‘आजारी पडाल’ असं उत्तर मिळायचं. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पांढरा सुती गणवेश भिजला की अंगाला चिकटतो, आणि मैदानाच्या कुंपणाशी बघे उभे असतात. पावसानं दम जात नाही. उलट गारव्यात शरीर तापत नाही, उन्हापेक्षा पावसात लांब अंतर सोपं जातं. अडचण कपड्यांची होती आणि नजरांची होती, आणि तिला आमच्या तब्येतीचं नाव दिलं होतं.

म्हणून मला बोस्टनची १९६७ सालची शर्यत फार जवळची वाटते. आदल्या वर्षी बॉबी गिब या तरुणीनं बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज मागवला, तेव्हा बायकांना शरीरानं हे अंतर झेपत नाही असं उत्तर आलं. ती सुरुवातीच्या रेघेजवळ झुडपात लपून बसली, भावाची चड्डी घालून घोळक्यात शिरली आणि ३ तास २१ मिनिटांत पोचली. ६७ साली कॅथरिन स्वित्झर हिनं ‘के. व्ही. स्वित्झर’ अशी सही करून रीतसर नाव नोंदवलं. तिला २६१ हा क्रमांक मिळाला. त्या दिवशी थंडी होती, बर्फमिश्रित पाऊस होता. तिनं नीटनेटके धावण्याचे कपडे आणले होते, पण हवा अशी की सगळेच जाड स्वेटशर्ट चढवून उभे होते, तीही तशीच उभी राहिली. त्यामुळं सुरुवातीला ती कुणाच्या डोळ्यात आली नाही. पावसानं तिला झाकलं. काही मैलांत पत्रकारांच्या गाडीतून ती दिसली, आणि जॉक सेम्पल हे शर्यतीचे अधिकारी तिचा क्रमांक ओढायला धावले. तिच्याबरोबर पळणाऱ्या मित्रानं त्यांना खांद्यानं ढकलून बाजूला केलं. ती छायाचित्रं जगभर गेली. भिजलेल्या मोज्यांनी, रक्ताळलेल्या पायांनी तिनं सुमारे ४ तास २० मिनिटांत शर्यत पुरी केली. गिब त्या दिवशीही पळाली होती आणि तिच्या तासभर आधी पोचली होती. बोस्टननं बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ साली.

ते १९७२ साल महत्त्वाचं आहे. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात फक्त बायकांसाठी सहा मैलांची शर्यत झाली. निव्वळ बायकांच्या रस्त्यावरच्या शर्यतींची परंपरा तिथून धरतात. ऑक्टोबरात न्यूयॉर्क मॅरेथॉनला नियम असा निघाला की बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी, वेगळं निघावं. बंदूक वाजली आणि सहाजणी रेघेवरच बसल्या. दहा मिनिटं हातात फलक धरून बसून राहिल्या, पुरुषांची बंदूक वाजल्यावर उठल्या आणि त्यांच्याबरोबर निघाल्या.

जर्मनीतले डॉक्टर अर्न्स्ट फान आकेन तोवर कितीतरी वर्षं सांगत होते की लांब अंतराला बाईचं शरीर चांगलं साजतं. १९७३ साली त्यांनी वाल्डनील या आपल्या गावात फक्त बायकांची मॅरेथॉन भरवली. १९८० साली लंडनमध्ये एव्हॉन या प्रसाधन कंपनीच्या पैशानं आंतरराष्ट्रीय महिला मॅरेथॉन झाली. तिच्यामागं हीच स्वित्झर होती. १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा मॅरेथॉन धावल्या आणि जोन बेनॉइट २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली.

या सगळ्या तारखांच्या मधे एक तारीख आहे जिचा उल्लेख फारसा होत नाही. १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये तिघीजणींनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट एकत्र शिवून पळण्यासाठीची पहिली ब्रा तयार केली. माझ्या मते बाईच्या लांब पळण्यासाठी एखाद्या नियमाइतकीच ही शिलाई मोलाची ठरली. आमच्या वयाच्या बायकांना विचारा. सुती अंतर्वस्त्र पावसात भिजलं की पाचव्या-सहाव्या किलोमीटरला शिवण घासायला लागते, दहाव्याला कातडी सोलते, आणि अंघोळीचं पाणी अंगावर पडलं की डोळ्यांत पाणी येतं. आजही घाटात शिरण्याआधी आम्ही काखेत, पट्ट्यांच्या कडेला, टाचेला आणि बोटांच्या मधे व्हॅसलीन चोपडतो. काहीजणी खोबरेल लावतात, पण पावसात ते टिकत नाही. सुती मोजे घालायचे नाहीत. उतारावर पाऊल लहान टाकायचं, नाहीतर अंगठ्याचं नख बुटाच्या पुढच्या भागावर आदळून काळं पडतं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि कडेच्या शेवाळावर पाय ठेवायचा नाही. आणि पोचल्यावर ओल्या कपड्यांत गप्पा मारत उभं राहायचं नाही, कारण पळणं थांबलं की पाचच मिनिटांत कुडकुडायला होतं.

अर्धमॅरेथॉनला बायकांसाठी जागतिक मान मिळायला मात्र १९९२ उजाडलं. त्याआधी बायकांची रस्त्यावरची जागतिक स्पर्धा १० किंवा १५ किलोमीटरची असे. १९९२ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला पहिली जागतिक अर्धमॅरेथॉन झाली आणि स्कॉटलंडची लिझ मॅकोल्गन जिंकली. पावसातली म्हणून लक्षात राहिली ती २०१६ सालची, वेल्समधल्या कार्डिफची. वारा आणि पावसाचा असा मारा की रस्त्याला ओढ्याचं रूप आलं. केनियाची पेरेस जेपचिरचिर १ तास ७ मिनिटं ३१ सेकंदांत पहिली आली, तिच्याच देशाची सिंथिया लिमो फक्त तीन सेकंद मागं होती. दोन वर्षांनी बोस्टनला गोठवणारा पाऊस आणि समोरून वारा होता. शर्यत अर्ध्यावर सोडणाऱ्यांत पुरुषांचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त निघालं. डेझ लिंडेन आधी सोडून द्यायच्या विचारात होती. मग ती मागं पडलेल्या सोबतिणीसाठी थांबली, तिला घेऊन पुढच्यांना गाठलं आणि अखेर स्वतःच जिंकली. बोस्टनला अमेरिकन बाई जिंकली ती तेहतीस वर्षांनी.

आता आपल्याकडं येते. आमच्या जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वरला धो धो पाऊस कोसळतो आणि पूर्वेला माण तालुक्यात आभाळ कोरडं राहतं. त्या माणच्या मोही गावची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत सलग तीनदा पहिली आली, मग अडथळ्यांच्या ३००० मीटरकडं वळली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत दहावी आली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम शर्यतीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई, तेही बत्तीस वर्षांनी. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक घेऊन आली. आपल्या लांब पल्ल्याच्या या मुली बहुतेक खेड्यांतून आल्या.

घाटात मी आजही बघते, कोवळ्या मुली चढावर सहज पुढं निघून जातात आणि गाव जवळ आलं, रस्त्याच्या कडेला माणसं दिसली की भिजलेला टी-शर्ट अंगापासून ओढत, खांदे आत घेत पळतात. वेग तिथंच जातो. दम शिल्लक असतो.

म्हणून शाळांना आणि पालकांना माझं सांगणं थोडकं आहे. पावसाळ्यात मुलींचा सराव बंद करू नका. पांढऱ्याऐवजी गडद रंगाचा, लवकर वाळणारा गणवेश द्या, पळण्यासाठीची नीट मापाची ब्रा हा खर्च बुटांच्या बरोबरीनं धरा, आणि मैदानाच्या कडेला कपडे बदलायला कडी लागणारी एक खोली ठेवा.