माथ्यावरचा कॅमेरा: मुक्तपतनाच्या चित्रणाचा इतिहास

विमानातून उडी घेतल्यापासून छत्री उघडेपर्यंतच्या प्रवासाला मुक्तपतन म्हणतात. सुमारे चार हजार मीटर उंचीवरून उडी घेतल्यास हा प्रवास जेमतेम एक मिनिटाचा असतो आणि पोटावर आडवे झालेले शरीर त्या मिनिटात ताशी १९० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने खाली येत असते. या अवस्थेत तोल सावरणे, दिशा बदलणे आणि अखेरीस छत्री उघडणे ही सारी कामे हातांनाच करावी लागत असल्यामुळे कॅमेरा हातात धरण्याची सोय नव्हती. तो हेल्मेटवर चढवला गेला आणि तेव्हापासून त्याची निवड चित्राच्या गुणवत्तेपेक्षा वापरणाऱ्याच्या मानेवर अधिक अवलंबून राहिली.

अमेरिकेत हौशी स्कायडायव्हिंग रुजले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, लष्कराने विक्रीस काढलेल्या जुन्या सामानाच्या आधाराने, आणि चित्रणाचे पहिले कामचलाऊ साधनही त्याच ढिगातून आले. लढाऊ विमानातील वैमानिकाचा नेम लागला की नाही हे मागाहून तपासता यावे म्हणून बंदुकांच्या जोडीला १६ मिलिमीटर फिल्मचा, विजेवर चालणारा एक ओबडधोबड कॅमेरा बसवलेला असे. तो स्वस्त होता, धक्के सोसणारा होता आणि त्याला चावी द्यावी लागत नसे. त्याच्या डबीत ५० फूट फिल्म मावे. फुटाला ४० चौकटी या हिशेबाने त्या २,००० होतात आणि सेकंदाला ३२ चौकटींच्या गतीने ६२ सेकंदांत संपतात, म्हणजे एका उडीला एक डबी जवळपास नेमकी पुरे. हवाई युद्धासाठी ठरलेले हे माप मुक्तपतनाच्या मिनिटाशी इतके जुळावे, हा निव्वळ योगायोग होता.

नेम धरण्याची रीतही विमानाच्या बंदुकीसारखीच होती. चित्रण करणाऱ्याच्या एका डोळ्यासमोर हेल्मेटला जोडलेले वर्तुळाकार लक्ष्यदर्शक असे आणि समोरचा उडी घेणारा त्या वर्तुळात राहील अशा बेताने मान स्थिर ठेवली की चौकट साधत असे. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्याची कळ तोंडात धरून दातांनी किंवा जिभेने दाबली जाई. याहून अवघड भाग म्हणजे समोरच्या माणसाइतक्याच वेगाने खाली येत राहणे. त्यासाठी पोशाखाला बाहू आणि धड यांच्यामध्ये कापडी पंख शिवले जात, जे पसरले की पतनाचा वेग कमी होई आणि आवळले की वाढे. थोडक्यात, हे काम चित्रणाइतकेच उड्डाणकौशल्याचे होते.

या कौशल्याला चित्रपटसृष्टीने प्रतिष्ठा दिली. विद्युत अभियंता असलेल्या कार्ल बोनिश यांनी नोकरी सोडून हा मार्ग धरला आणि १९६९च्या ‘द जिप्सी मॉथ्स’ या चित्रपटातील मुक्तपतनाचे चित्रण केले. पुढे १९७८ साली कॅलिफोर्नियातील एल कॅपिटन या कड्यावरून घेतल्या गेलेल्या उड्या त्यांच्याच चित्रणामुळे जगासमोर आल्या. १९८४मध्ये नॉर्वेत कड्यावरून उडी घेताना त्यांचा मृत्यू झाला. १९७९च्या ‘मूनरेकर’ या बाँडपटातील सुरुवातीच्या दृश्यासाठी ८८ उड्या घ्याव्या लागल्या, आणि तेथे खरी अडचण भिंगाच्या वजनाची होती. रुंद पडद्यासाठी लागणारे नेहमीचे भिंग मानेला पेलणारे नव्हते, तेव्हा पॅरिसमधील गहाणवटीच्या दुकानात मिळालेले प्लॅस्टिकचे एक प्रायोगिक हलके भिंग हेल्मेटवरील कॅमेऱ्याला जोडून ते दृश्य पुरे करण्यात आले.

वजनाची एवढी धास्ती कशासाठी, हे छत्री उघडण्याच्या क्षणाकडे पाहिले की कळते. त्या दोन-चार सेकंदांत वेग एकदम कोसळतो आणि शरीरावर वजनाच्या तीन-चार पट, छत्री झटक्यात उघडली तर त्याहूनही अधिक भार येतो. म्हणजे तीन किलोचे हेल्मेट क्षणभर दहा-बारा किलोचे होते. कॅमेरा बाजूला असेल तर मान पिळली जाते आणि माथ्यावर असेल तर छत्रीची दोरी त्यात अडकण्याचा धोका वाढतो. म्हणून जाणते लोक एका हाताने झटकन सोडवून फेकून देता येईल असेच हेल्मेट पसंत करीत.

१९८०च्या दशकात व्हिडिओ आला आणि या कामाचा पाया रुंदावला. स्पर्धांत पूर्वी परीक्षक जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींतून उडी घेणाऱ्यांनी हवेत रचलेल्या आकृत्या मोजत, त्या जागी आता आकाशातील चित्रफीत आली. चौघांच्या स्पर्धेत कॅमेरा नेणारा हा संघाचा पाचवा सदस्य ठरला, आणि ३५ सेकंदांत रचलेल्या आकृतींपैकी जी चित्रफितीत दिसत नाही तिला गुण मिळत नाहीत. प्रशिक्षकाला बांधून उडी घेणाऱ्या नवख्या ग्राहकांना आठवणीची फीत विकणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला. सुरुवातीला मात्र कॅमेरा डोक्यावर आणि चित्रफीत नोंदवणारे मुद्रणयंत्र पिशवीत, असा दुहेरी संसार असे. एप्रिल १९८८मध्ये नॉर्थ कॅरोलायनात शेकडो उड्यांचा अनुभव असलेला एक चित्रणकार छत्री न बांधताच विमानाबाहेर पडला आणि मरण पावला. अंगावरील चित्रणसामग्रीच्या ओझ्यामुळे त्याला छत्री बांधल्याचा भास झाला असावा, असा तर्क तेव्हा मांडण्यात आला. पुढच्याच वर्षी सोनीने ७९० ग्रॅमचा टीआर-५५ हा हँडीकॅम आणला आणि कॅमेरा व मुद्रणयंत्र एकाच हलक्या पेटीत मावल्याने वेगळ्या पिशवीची गरज सरत गेली.

त्यानंतर बोटाएवढ्या नळीचे कॅमेरे आले, पण त्यांची तार पुन्हा मुद्रणयंत्राकडे जाई आणि लोंबती तार हा या खेळात दोषच मानला जातो. २००९च्या सुमारास दोन उपकरणांनी ही अडचण सोडवली. काँटूर हा नळीच्या आकाराचा कॅमेरा हेल्मेटच्या बाजूला चपटा बसे आणि त्याच्या प्रकाशकिरणांनी रोख जुळवता येई. सर्फिंगच्या छंदातून निक वुडमन यांनी उभा केलेला गोप्रो चौकोनी, बहुधा माथ्यावर उंच बसणारा, म्हणजे दोरी अडकण्याच्या दृष्टीने गैरसोयीचा होता. या खेळाच्या निकषावर काँटूरची रचना सरस होती, हे मान्य करावे लागेल; परंतु बाजार गोप्रोने जिंकला आणि काँटूर कंपनी २०१३ साली बंद पडली.

कवच धरूनही दोनशे ग्रॅमच्या आत राहणाऱ्या या यंत्राने एक जुना अटकाव नाहीसा केला. जड हेल्मेट नवशिक्याला पेलतच नसे, त्यामुळे चित्रणाकडे अनुभवी माणूसच वळे. हलका कॅमेरा पहिल्या वर्षातला शिकाऊही लावू शकतो आणि मग उंची, सोबती व छत्री यांकडे द्यावयाचे लक्ष चित्राकडे वळते. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे नऊवारी नेसून घेतलेली उडी मराठी वाचकांपर्यंत पोहोचली ती आकाशात टिपलेल्या चित्रांमुळे, पण तेथे उडी घेणारी व्यक्ती अत्यंत अनुभवी होती. दुसरीकडे, प्रशिक्षकाच्या मनगटावरील छोट्या कॅमेऱ्याने स्वतंत्र चित्रणकाराचे कामही बरेचसे हिरावून घेतले. २०१८च्याच ‘मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट’ या चित्रपटासाठी चित्रणकार क्रेग ओब्रायन यांना मात्र मोठा सिनेकॅमेरा पुन्हा माथ्यावर घेऊन उडावे लागले. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेची शिफारस आजही अशी आहे की, किमान २०० उड्या पूर्ण झाल्याशिवाय कोणीही कॅमेरा लावू नये, आणि त्यात कॅमेऱ्याच्या आकारावरून सूट दिलेली नाही.