पाटीवरचें नांव

नवा धंदा काढणाऱ्यापुढें पहिली अडचण भांडवलाची असते आणि दुसरी पाटीची. भांडवल उसनें मिळूं शकतें. पाटीवर काय लिहावें हें मात्र ज्याचें त्यालाच ठरवावें लागतें. वाण्याला किंवा शिंप्याला हा प्रश्न फारसा पडत नाहीं, कारण त्याच्या धंद्याला नांव आधींपासूनच आहे. पण ज्या धंद्याला अजून नांवच नाहीं, तो करूं पाहणाऱ्यानें काय करावें? इ. स. १७८८ सालीं इंग्लंडमध्यें एका छत्तीस वर्षांच्या गृहस्थापुढें नेमका हाच पेंच उभा राहिला. त्यानें जें नांव निवडलें तें आज बागा आंखून देणाऱ्या कितीतरी लोकांच्या पाट्यांवर, पुण्यामुंबईंतसुद्धां, या ना त्या रूपानें वाचावयास मिळतें. परंतु तें प्रथम पाटीवर चढविणाऱ्या हम्फ्री रेप्टनची ओळख थोड्यांनाच असते.

रेप्टन हा मुळांतला माळी नव्हे. त्याचा जन्म १७५२ सालीं सफोक परगण्यांत, बरी सेंट एडमंड्स या गांवीं झाला. मुलानें व्यापारांत पडावें अशी बापाची इच्छा, म्हणून बाराव्या वर्षीं त्याला डच भाषा शिकण्यासाठीं हॉलंडांत धाडण्यांत आलें. परत आल्यावर नॉरिच शहरीं कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी, मग लग्न, मग स्वतःचा व्यापार. आणि तो व्यापार कांहीं चालला नाहीं. मनुष्य हुशार, पण हुशारी सगळी चित्रें काढण्यांत, बासरी वाजविण्यांत आणि चार प्रतिष्ठितांत गोड बोलण्यांत. आईबापांच्या मागें थोडें धन हातीं आलें, तेव्हां त्यानें दुकान आवरून नॉरफोकांतील सस्टेड या खेड्यांत बिऱ्हाड केलें. शेजारच्या फेलब्रिगच्या वाड्यांतील ग्रंथसंग्रह त्याला मोकळा होता. तेथें तो वनस्पतिशास्त्र वाची, आपल्या लहानशा जमिनींत झाडें लावून पाही, आजूबाजूच्या वाड्यांचीं चित्रें काढी. या सगळ्यांतून पैचीही प्राप्ति नव्हती. पुढें बाथच्या जॉन पामरनें टपाल घोडागाड्यांतून नेण्याची योजना काढली, तींत रेप्टननें पैसे घातले. योजना उत्तम चालली, इंग्लंडच्या टपालाचें रूपच तिनें पालटलें. रेप्टनचे पैसे मात्र गेले ते गेलेच. १७८६ सालीं तो एसेक्समध्यें रॉमफर्डजवळ, हेअर स्ट्रीट या वस्तींतील एका लहान घरांत राहावयास आला. पदरीं बायको व चार मुलें, आणि मिळकत अनिश्चित.

दोन वर्षांनीं, एका निद्राहीन रात्रीनंतर, त्यानें ठरविलें कीं, जमीनदारांच्या वाड्यांभोंवतालचीं उपवनें कशीं असावींत हें सांगण्याचा धंदा करावयाचा. वेळ चांगली साधली होती. या कामांतला मोठा पुरुष लॅन्सलॉट ब्राउन १७८३ सालीं वारला होता, आणि त्याची जागा घेणारा कोणी निघाला नव्हता. ब्राउननें दीडशेंहून अधिक ठिकाणीं जुन्या आंखीव बागा व कातरलेलीं झुडपें काढून टाकून वाड्याच्या पायरीपर्यंत येणारी हिरवळ, वळणें घेत जाणारीं तळीं आणि झाडांचे पुंजके बसविले होते. कोणाचीही जमीन पाहिली कीं हिच्यांत 'केपेबिलिटी', म्हणजे सुधारण्याजोगे अंगचे गुण आहेत, असें तो म्हणे. त्यावरून 'केपेबिलिटी ब्राउन' हेंच त्याचें नांव पडलें. स्वतः तो आपल्या कामाला 'स्थळ घडविणें' अशा अर्थाचा साधा शब्द वापरी. ज्याच्या दारीं सरदार येऊन थांबत, आणि ज्याला राजानें हॅम्प्टन कोर्टच्या बागांवर नेमलें होतें, त्याला पाटीची गरज ती काय?

रेप्टनला ती होती. 'गार्डनर' म्हणवून घ्यावें, तर 'माळी' या शब्दासरशी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें जसे वाफे, पाट व खुरपें येतात, तसा इंग्रज धन्याच्या डोळ्यांपुढें भाजीपाला पिकविणारा पगारी नोकर येई. आणि रेप्टनला तर दिवाणखान्यांत बसून, धन्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलून सल्ला द्यावयाचा होता. 'इम्प्रूव्हर', म्हणजे जमिनीचें रूप सुधारणारा, हा शब्द प्रचारांत होता; पण तो इतका मोघम कीं, नांगराची नवी तऱ्हा काढणाराही त्यांत बसे. 'इंग्लिश गार्डनिंग' असेंही या कलेला म्हणत. परंतु फळाफुलांची लागवडही इंग्लंडांत तितकीच पुढें गेलेली असल्यामुळें त्या शब्दानें नेमका बोध होत नाहीं, अशी हरकत रेप्टननें स्वतःच घेतली.

अखेर शब्द सांपडला तो एका कवीच्या लेखांत. विल्यम शेन्स्टन हा कवि १७६३ सालीं वारला. आपल्या लहानशा शेताचें त्यानें असें कांहीं उपवन केलें होतें कीं, लांबलांबचे लोक तें पाहावयास येत. त्याच्या मृत्यूनंतर, १७६४ सालीं, बागांविषयींचे त्याचे सुटे विचार छापले गेले. त्यांत त्यानें म्हटलें होतें कीं, नव्या तऱ्हेची बाग आंखण्यास सृष्टिदेखाव्यांचा चित्रकारच सर्वांत योग्य; आणि म्हणून त्यानें 'लँडस्किप गार्डनर' हा जोडशब्द वापरला होता. 'लँडस्केप' हा शब्द इंग्रजींत आला तोच डच चित्रकारांच्या पाठोपाठ. म्हणजे ज्या सालीं हें लिखाण छापून निघालें, त्याच सुमारास बारा वर्षांचा रेप्टन हॉलंडांत त्या शब्दाच्या माहेरची भाषा घोकीत होता! हा निव्वळ योगायोग. पण मोठा मौजेचा.

तेव्हां हा शब्द रेप्टननें निर्माण केला असें जें कित्येक ठिकाणीं लिहिलेलें आढळतें, तें अगदीं बरोबर नाहीं. शेन्स्टननें तो लेखांत घातला. रेप्टननें त्यावर घरची चूल पेटविली. त्याचें कारणही त्यानें पुढें, १७९५ च्या आपल्या ग्रंथांत, स्पष्ट दिलें: देखाव्यांचा चित्रकार आणि हातानें काम जाणणारा माळी या दोघांचें सामर्थ्य एकत्र आल्यावांचून ही कला पूर्णत्वास जाणार नाहीं, म्हणून हें नांव. नांवाच्या दोन शब्दांत दोन वचनें होतीं. पहिलें पाळण्यास कुंचला त्याच्या हातीं होता. दुसऱ्याला मात्र सस्टेडच्या लहानशा जमिनीवरील प्रयोगांपलीकडे फारसा आधार नव्हता.

मग त्यानें स्वतः चित्र काढून, मेडलंड या खोदकाऱ्याकडून तांब्याच्या पत्र्यावर कोरवून, आपलें धंद्याचें कार्ड छापून घेतलें. तें आजही पाहावयास मिळतें. तळ्याच्या कांठीं मोजणीचें यंत्र लावून एक सभ्य गृहस्थ उभा आहे. जवळच मजूर फावडीं व हातगाडी घेऊन माती हलवीत आहेत. आणि वर नांव, धंदा व हेअर स्ट्रीटचा पत्ता. फावडें दुसऱ्याच्या हातीं आहे, हें पाहणाऱ्यानें ध्यानांत घ्यावें असाच त्या चित्राचा रोख आहे. ओळखीच्या बड्या लोकांना त्यानें पत्रें धाडलीं आणि त्याच वर्षीं नॉरिचजवळील कॅटन पार्कचें पहिलें काम मिळालें.

धंद्याची रीतही त्यानें नांवाला साजेशी ठेवली. ब्राउन कामाचा मक्ता घेऊन तें पुरें करून देई. रेप्टन केवळ सल्ला देई व आंखणी करून देई. जमीन पाहून आल्यावर तो पुष्कळदां एक हस्तलिखित पुस्तक तयार करी. तांबड्या चामड्याच्या बांधणीमुळें तीं 'रेड बुक्स' म्हणून प्रसिद्ध झालीं. त्यांतील चित्रांवर कागदाची एक झडप चिकटविलेली असे. झडप खालीं असतांना आहे ती जमीन दिसे; ती उचलली कीं रेप्टनच्या सल्ल्यानें होणारी जमीन पुढें येई. असें पुस्तक दिवाणखान्यांतील मेजावर पडलें म्हणजे घरीं येणारा प्रत्येक पाहुणा झडपा उचलून पाही, आणि रेप्टनची आपोआप जाहिरात होई. जेन ऑस्टेनच्या 'मॅन्सफील्ड पार्क' या १८१४ च्या कादंबरींत त्याचें नांव येतें व दिवसाला पांच गिनी हा त्याचा दरही सांगितला जातो. गिनी एकवीस शिलिंगांची. तेव्हां हा दर माळ्याचा खास नव्हे.

परंतु ज्या नांवानें त्याला पुढचें दार उघडून दिलें, त्याच नांवावरून त्याला धारेवर धरण्यांत आलें. १७९४ सालीं रिचर्ड पेन नाइट व युव्हडेल प्राइस या दोघां रसिक जमीनदारांनीं, एकानें काव्य लिहून व दुसऱ्यानें निबंध लिहून, ब्राउनवर व त्याच्या मागून आलेल्या सर्वांवर हल्ला चढविला. यांनीं गुळगुळीत हिरवळी करून देशाची खरी शोभा घालविली. थोर चित्रकारांचीं चित्रें पाहून हे शिकत कां नाहींत, असा त्यांचा सवाल होता. ज्यानें आपल्या पाटीवर 'लँडस्केप' लिहिलें, त्यानें चित्राप्रमाणें भूमि करून दाखवावी, हें मागणें वरवर न्यायाचेंच दिसतें. मात्र रेप्टनचें उत्तर अधिक शहाणपणाचें आहे. चित्र एका जागीं उभें राहून पाहावयाचें असतें. उपवनांत माणसें हिंडतात, बसतात, राहतात. चित्रांत दारापुढें खडक व काटेरी झुडपें शोभतील; पण ज्याला रोज त्या दारांतून जावयाचें, त्याला खडीचा स्वच्छ रस्ताच हवा. पाटीवरच्या पहिल्या शब्दावर हल्ला आला, तेव्हां त्यानें आसरा घेतला तो दुसऱ्या शब्दाचा. ज्या 'गार्डनर'पणाला तो आरंभीं कांहींसा बिचकला होता, तेंच आतां त्याच्या कामीं आलें. उत्तरोत्तर तो वाड्याजवळ फुलांचे ताटवे, वेलींचे मांडव व गच्च्या परत आणूं लागला, म्हणजे ब्राउननें हद्दपार केलेल्या वस्तूच. यांत त्याची धरसोड पाहणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः बाग ही राहणाऱ्यांसाठीं असते, हें त्याला वयाबरोबर अधिक कळूं लागलें इतकेंच.

फ्रान्सशीं चाललेल्या दीर्घ युद्धानें कर वाढले आणि कामें कमी झालीं. १८११ च्या जानेवारींत मुलींसह परत येत असतां गाडीला अपघात होऊन त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली, आणि पुढें हिंडणेंफिरणें चाकांच्या खुर्चींतूनच उरलें. १८१८ सालीं तो वारला. एल्शम येथील चर्चच्या आवारांत त्याचें थडगें आहे व त्याच्याच इच्छेप्रमाणें तेथें गुलाब लावलेले आहेत.

नांवाचा प्रवास मात्र पुढें चालूच राहिला. १८२८ सालीं मीसन नांवाच्या स्कॉच लेखकानें इटालियन चित्रांतील इमारतींविषयीं लिहितांना 'लँडस्केप आर्किटेक्चर' असा शब्द योजला. १८४० सालीं लाउडननें रेप्टनचे ग्रंथ एकत्र छापले, तेव्हां मुखपृष्ठावर 'गार्डनिंग' व 'आर्किटेक्चर' हे दोन्ही शब्द घातले. न्यूयॉर्कचें सेंट्रल पार्क आंखणाऱ्या ऑल्मस्टेड व व्हॉ या जोडीनें हाच नवा हुद्दा उचलला. पण स्वतः ऑल्मस्टेडला तो कधीं रुचला नाहीं. 'लँडस्केप' चांगला नाहीं, 'आर्किटेक्चर' चांगला नाहीं, दोहोंची जोडी तर नाहींच, आणि 'गार्डनिंग' त्याहून वाईट, अशी कुरकुर त्यानें १८६५ सालीं आपल्या भागीदाराला पत्रानें कळविली. दुसरा शब्द त्यालाही सुचला नाहीं. १८९९ सालीं अमेरिकेंत या धंद्याची संस्था स्थापन झाली ती 'लँडस्केप आर्किटेक्ट' याच नांवानें. तिच्या संस्थापकांत बिआट्रिक्स फॅरंड ही एकच स्त्री होती. संस्थेचें नांव काहींही असो, ती बाई स्वतःला शेवटपर्यंत रेप्टनच्या कार्डावरचे तेच दोन शब्द लावीत असे.