‘पांडू हवालदार’ : विनोद, समीक्षा आणि पोलीस शिपायाची प्रतिमा

प्रस्तावना :
दादा कोंडके (१९३२-१९९८) यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट म्हणजे ‘पांडू हवालदार’ (१९७५) होय. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला आणि सखाराम हवालदाराच्या भूमिकेने अशोक सराफ यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पांढरपेशा समीक्षेने मात्र कोंडके यांच्या विनोदाकडे पाहून सातत्याने नाक मुरडले. या समीक्षेच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समीक्षेचा रोख :
कोंडके यांच्या चित्रपटांची चर्चा मुख्यत्वे द्व्यर्थी संवादांभोवती फिरत राहिली. चित्रपट सहकुटुंब पाहता येईल काय, हाच जणू मूल्यमापनाचा निकष ठरला. हा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येत नाही. तथापि श्लील-अश्लीलतेच्या या वादात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. ती अशी की, येथे नायकपद रुबाबदार अधिकाऱ्याला नव्हे, तर पोलीस दलाच्या खालच्या फळीतील माणसाला लाभले होते.

लोकनाट्याचा वारसा :
या हवालदाराचे मूळ रंगभूमीवर सापडते. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात कोंडके यांनी हवालदाराचीच भूमिका गाजविली होती. त्यात कोतवालाची रिक्त जागा योग्यतेने नव्हे, तर प्रधानाच्या नात्यागोत्याने भरली जाते आणि हवालदार डावलला जातो. म्हणजेच तेथे हास्याचा रोख हवालदारावर नसून त्याला डावलणाऱ्या सत्तेवर आहे. पांडूकडे या परंपरेतून पाहिल्यास त्याचा भाबडेपणा केवळ हास्यास्पद राहत नाही.

प्रतिमा आणि वास्तव :
मुंबईच्या बोलीत मात्र ‘पांडू’ हे पोलीस शिपायाला हिणविणारे नाव म्हणून रुळले. सत्तेवर रोखलेला उपहास अशा रीतीने तिच्या सर्वांत दुबळ्या प्रतिनिधीवर उलटला. चित्रपटानंतर सातच वर्षांनी, १८ ऑगस्ट १९८२ रोजी, मुंबईतील पोलीस शिपायांच्या असंतोषाचा उद्रेक झाला आणि लष्कराला पाचारण करावे लागले. संघटनेचा हक्क, सेवाशर्ती आणि वरिष्ठांच्या घरची हलकी कामे हे त्यामागील प्रश्न होते. या उद्रेकाचा चित्रपटाशी कार्यकारणसंबंध जोडता येणार नाही. परंतु ज्याला पाहून समाज हसत होता, त्याच्या जगण्याविषयी समाज किती अनभिज्ञ होता, हे त्यातून दिसून येते.

निष्कर्ष :
२०२१ मध्ये कोंडके यांच्या स्मृतीला उजाळा देणारा ‘पांडू’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. यावरून या प्रतिमेचा टिकाऊपणा लक्षात येतो. विनोदी चित्रपटाचे मूल्यमापन करताना तो सभ्य आहे काय, एवढेच विचारणे पुरेसे नाही. हसू कोणाच्या वाट्याला येते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्नही समीक्षेने विचारावयास हवा. मराठी चित्रपटाच्या सामाजिक इतिहासात ही उणीव अद्याप भरून निघावयाची आहे.