हापशाभोवतीचं शिल्प

कलेचा इतिहास म्हटला की आपल्यापुढं राजाचा पुतळा उभा करतात. दगड फोडणारा त्यात नसतो. म्हणून आज नवजोत अल्ताफ या शिल्पकार बाईंविषयी लिहितो. जन्म मेरठचा, १९४९. शिक्षण मुंबईच्या जे. जे. त. १९७० च्या दशकात त्या आणि त्यांचा नवरा, चित्रकार अल्ताफ, 'प्रोयोम' या डाव्या तरुणांच्या संघटनेत होते, पोस्टरं करायचे. पुढं शिल्प, व्हिडिओ, मांडणशिल्प. वस्तूपेक्षा कल्पना मोठी, असलं काम. त्याला कन्सेप्च्युअल म्हणतात. शब्दाला भिऊ नका.

डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आजवरच्या कामाचं सिंहावलोकन लागलं. मांडणी नॅन्सी अदजानिया यांची. पण मला सर्वांत मोठं वाटतं ते काम म्युझियमात उचलून आणताच येत नाही. ते बस्तरात, कोंडागावच्या परिसरात, जमिनीत रोवलंय.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नवजोत तिथं राजकुमार, शांतीबाई, घेस्सूराम या स्थानिक कारागिरांबरोबर काम करू लागल्या. त्यातून हापशांभोवतीच्या जागा घडल्या. नाव 'नलपार'.

हापसा आपल्याला काय नवा? दौंडवरून गाडी जाते त्या सोलापुरात बनलेल्या पंपावरूनच 'इंडिया मार्क टू' हा हापसा १९७० च्या दशकात तयार झाला आणि देशभर गेला. सरकारनं भोक पाडलं, दांडा बसवला, निघून गेलं. मग सांडपाण्याचा चिखल आणि भरलेला हंडा भुईवरून एका दमात डोक्यावर. बाईच्या कमरेचा हिशेब कुणी धरलाच नव्हता. नलपारमध्ये तो धरला. हंडा मध्येच टेकवायला उंचीवर जागा केली, तिथनं डोक्यावर. सांडपाण्याला वाट काढली. बांधकामावर आदिवासींची स्वतःची चिन्हं आली.

ह्यात शिल्प कुठंय, असं पेठेतला रसिक विचारील. विचारू दे. पाणवठा कसा बांधला, कोण कुठं उभं राहणार, कोण लांबून ओंजळ धरणार, ह्यातच जात बांधलेली होती. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाला आले आणि २० मार्चला महाडच्या तळ्याला. एकाच सालात नावांचा दगड आणि पाणी! शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमासमोर, नदीपल्याड पेरण्याच्या हद्दीत तो स्तंभ आहे. पडलेल्या शिपायांची नावं त्यावर कोरलेली, त्यात 'नाक' लागलेली आपली नावंही.

नावाचाच सवाल इथंही येतो. नवजोत या कारागिरांना मजूर म्हणत नाहीत, सहकलाकार म्हणतात, त्यांची नावं घेतात. हे मोठं आहे, मी मानतो. तरी सिंहावलोकन म्हणजे दारावर एकच नाव. दोष बाईंचा नाही, म्युझियमला तेवढंच मोजता येतं. शांतीबाई लाकूड कोरते, तीही शिल्पकारच. तिच्या एकटीच्या नावाचं सिंहावलोकन मुंबईत कधी लावणार?