सूरज, सूर्यपूर, सुरत

माझ्या आजीच्या पिढीत सूरजबाई हे नाव आपल्या समाजात घरोघरी असायचं. पण त्या नावाने हाक कोण मारणार? अमक्याची सून, तमक्याची आई, एवढ्यावरच भागायचं. म्हणून लग्न होऊन खानदेशातून सुरतेला आले आणि कुणीतरी सांगितलं, की या गावाचं नाव सूरज नावाच्या बाईवरून पडलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या बंदराला बाईचं नाव!

अर्थात ही आख्यायिका झाली. ती सूरज कुणाची कोण, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा गोपी मात्र खरा. मलिक गोपी म्हणत त्याला. जातीने ब्राह्मण आणि मोठा व्यापारी. गोपीपुरा आणि गोपी तलाव आजही त्याचंच नाव सांगतात. परंपरा म्हणते, त्याने वस्तीला सूरज किंवा सूर्यपूर नाव द्यायचं ठरवलं आणि गुजरातच्या सुलतानाने त्याचं सुरत केलं. कुराणाच्या अध्यायाला सूरा म्हणतात, त्याला जुळणारं.

आपल्या साधू महाराजांनी मात्र सूर्य सोडला नाही. संस्कृतात लिहिताना ते सुरतेला सूर्यपूरच म्हणत. सतराव्या शतकात विनयविजयजींनी ‘इंदुदूत’ रचलं. त्यात ते जोधपूरहून चंद्राला दूत करून सुरतेला आपल्या गुरूंकडे, विजयप्रभसूरींकडे पाठवतात. सूर्याच्या गावी चंद्र! आणि तापी तर पुराणांत सूर्याचीच लेक. माझ्या माहेरच्या खानदेशातून वाहत ती इथे येते. म्हणजे मला जे सासर, ते तिला बापाचं गाव.

आता आपला मराठी अर्थ. सुरत म्हणजे चेहरा. हा शब्द फारसीतून आला. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली सुरत लुटली, त्यावरून आपण म्हणतो, ‘सुरत बेसुरत केली.’ शाळेत हे वाक्य ऐकून मीही टाळ्या वाजवल्या होत्या. इथे आल्यावर कळलं, की १६६४च्या जानेवारीत लुटलेल्या घरांत वीरजी व्होरा या जैन श्रावकाचंही घर होतं. इंग्रज कोठीवाले ज्याच्याकडून कर्ज काढीत, तोच हा वीरजी. महाराजांबद्दलचा माझा अभिमान त्याने कमी झाला नाही. शाहिस्तेखानाच्या फौजेने आपला मुलूख उजाड केला होता, पैसा उभा करणं भाग होतं, हेही खरंच. पण गोपीपुऱ्यातल्या देरासरातून बाहेर पडताना ते वाक्य सहज तोंडी येत नाही.

एकच नाव, कुणी त्यात सूर्य पाहिला, कुणी धर्मग्रंथ, कुणी चेहरा. ज्याने त्याने आपला अर्थ लिहून ठेवला, म्हणून तो टिकला. सूरज नावाची बाई तेवढी नुसत्या गोष्टीत राहिली, कारण तिच्या बाजूने कुणी लिहिलंच नाही.

तेव्हा बायांनो, एक करा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिचं माहेरचं नाव काय, ते कुणी ठेवलं, का ठेवलं, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. माझ्या आजीला मी हे कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.