सीटबेल्टचा दोष आणि पुराव्याचा भार

नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ मध्ये व्होल्वोसाठी तीन बिंदूंचा सीटबेल्ट सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना खुले केले. या पट्ट्याचा इतिहास एरवी त्याने वाचवलेल्या जिवांच्या हिशेबाने सांगितला जातो. तो पट्टाच सदोष निघाला तर काय, हा प्रश्न भारतात फार उशिरा विचारला गेला.

सत्तर किलो वजनाचा माणूस ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना धडक झाली आणि त्याचे शरीर अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबले, तर त्याला थोपवणारे सरासरी बल सुमारे १३,५०० न्यूटन भरते. म्हणजे जवळजवळ १,४०० किलो वजनाइतके. हा भार केवळ कापडी पट्ट्यावर पडत नाही. बकल, पट्टा गुंडाळणारी यंत्रणा, खांद्याजवळची उंची ठरवणारा भाग, सांगाड्यात रुतलेले बोल्ट अशी ती साखळी असते आणि तिची ताकद सर्वांत कच्च्या कडीइतकीच.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. देशभर प्रवाशांच्या बेफिकिरीची चर्चा झाली, ती योग्यच होती. पण तीनच महिन्यांनी मारुती सुझुकीने ९,१२५ गाड्या परत बोलावल्या. पुढच्या आसनांच्या पट्ट्यातील खांद्याजवळच्या उंची-नियंत्रकाचा एक छोटा भाग सदोष असल्याची शंका होती आणि क्वचित प्रसंगी पट्टा सुटा होण्याची शक्यता कंपनीनेच वर्तवली होती. जानेवारी २०२३ मध्ये ११,१७७ ग्रँड विटारा गाड्या मागच्या पट्ट्यांच्या ब्रॅकेटसाठी बोलावण्यात आल्या. पट्टा लावणारा प्रवासीही अशा दोषापुढे हतबल असतो.

गाड्या परत बोलावण्याची वाहन उद्योगाची ऐच्छिक संहिता २०१२ ची. कायद्याचे बळ मिळाले ते २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम ११०-अ मुळे, आणि ते लागू झाले १ एप्रिल २०२१ रोजी. मात्र खरा तंटा पुढेच सुरू होतो. दुरुस्ती झाल्याची नोंद होते, आणि पट्टा तरीही अडकतो किंवा सैल राहतो. अशा वेळी रायपूरच्या गाडीमालकाला गुरुग्राम किंवा चेन्नई गाठावे लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या ठिकाणीच तक्रार करण्याची मुभा दिली, आणि उत्पादकासोबत सदोष सेवा देणाऱ्यालाही उत्पादन-दायित्वाच्या कक्षेत आणले.

दोष सिद्ध कोणी करायचा? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल एअरबॅगविषयी असला तरी येथे मोलाचा ठरतो. ह्युंदाई क्रेटाच्या अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत; समोरून पुरेसे बल पडले नाही, असा कंपनीचा बचाव होता. वेग आणि बलाच्या सिद्धान्तांवरून आघाताचे गणित मांडणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

परंतु एअरबॅग उघडली नाही हे उघड्या डोळ्यांना दिसते. पट्ट्यातील कळीचा दोष दिसत नाही. म्हणूनच ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, ही तरतूद महत्त्वाची. अडचण एवढीच, की काढलेला मूळ भाग बहुधा कार्यशाळेतच राहतो आणि तपासणीसाठी उरतो तो नंतर बसवलेला.