काचेचा पक्षी व त्याची वंशावळ

आपल्या सुभाषितकारांनीं काचेला फारसा मान दिलेला नाहीं. मण्याची थोरवी सांगावयाची झाली म्हणजे हीनपणाचा नमुना म्हणून काच पुढें करावी, हा जणूं संकेतच. आजही कोणी ज्योतीवर काच मऊ करून पांखरें घडवूं लागला, तर तो रिकामपणाचा खेळ ठरतो. परंतु या खेळाची वंशावळ पाहिली म्हणजे त्यास हिणविण्याचें धैर्य होत नाहीं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन कारागीर पक्ष्याच्या आकाराच्या कुप्या फुंकीत. आंत सुगंधी द्रव्य भरून शेपटीचें टोंक ज्योतीनें बंद करीत, आणि वापरणारा तें टोंक मोडी. पुढें जर्मनींतील लाउशा गांवीं १५९७ मध्यें काचेची भट्टी निघाली, व कालांतरानें तेथील कुटुंबें काचेच्या नळ्या घरीं आणून दिव्याच्या ज्योतीवर मणी व खेळणीं घडवूं लागलीं. या कलेचें मर्म येथेंच आहे. ज्योतीवर काम करणारा काच निर्माण करीत नाहीं. ती त्याला भट्टीनें पुरवावी लागते.

महाराष्ट्रांत ती भट्टी लोकांनीं पैशापैशानें उभारली. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं वर्षास एक पैसा मागून पैसा फंड जमविला, लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें, आणि १९०८ मध्यें तळेगांव दाभाडे येथें काचकारखाना सुरू झाला. जपान व अमेरिकेंत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तेथें तरुणांना ही विद्या शिकविली.

वर्सोव्याच्या रहिवाशास तर इतकें दूरही जावयास नको. त्याच अंधेरींत, पूर्वेस मरोळ येथें, बोरोसिलचा कारखाना होता. १९६२ मध्यें स्थापन झालेल्या या कंपनीस अमेरिकेंतील कॉर्निंगचें सहकार्य होतें. प्रयोगशाळेच्या चंचुपात्राची ही काच तापली असतां साध्या काचेच्या सुमारें एक तृतीयांशच प्रसरण पावते. म्हणून पंख ज्योतींत असतां चोंच सहसा तडकत नाहीं. तरीही घडलेला पक्षी सुमारें ५५० अंशांच्या उष्णतेंत ठेवून सावकाश निववावा लागतो. नाहीं तर आंतला ताण पुढें केव्हां तरी त्यास फोडतो. चंचुपात्र आणि पक्षी, दोघांचीही काच एक, व चोंच काढण्याची युक्तिही एकच.

मरोळचा तो कारखाना आज तेथें नाहीं. यंत्रें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेतां येतात. हाताची जाण मात्र तशी गाडींत घालून नेतां येत नाहीं, ती हातानेंच हाताला द्यावी लागते. म्हणून खाडीवरचा बगळा पाहून कोणी घरीं काचेची मान वांकवीत बसला, तर त्याला रिकामटेकडा म्हणूं नये. एका विद्येचा दिवा तो तेवत ठेवीत आहे.